बिनचूक पत्र

सोमवारी सकाळी दहाला सात मिनिटं कमी असताना मधल्याने सही केली, विभागातल्या बाराच्या बारा जणांचा पगार पंधरा टक्क्यांनी खाली आला, आणि सगळ्यांनी एकमेकांचं मनापासून अभिनंदन केलं.

हे घडलेलं नाही असं समजून पुढे वाचावं. रविवारी सकाळी अकरा वाजता आप्पांच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या चौघांना यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि त्यांच्या घरात बसून त्यांच्यापेक्षा जास्त माहिती बाळगणं बरं दिसत नाही.

टेबलावर बटाटे होते आणि बटाट्यांच्या शेजारी पत्र होतं. पत्र कंपनीचं, नऊ दिवसांपूर्वी आलेलं, दीड पानाचं आणि अतिशय सभ्य. कंपनी लिफ्ट बनवायची. लिफ्टच्या ऑर्डरी कमी झाल्या आहेत, असं पत्रात म्हटलं होतं. इमारती कमी उठतायत, आणि ज्या उठतायत त्या बुटक्या उठतायत. म्हणून ड्रॉइंग तपासणी विभागाने दोनपैकी एक निवडावं. एक, बाराही जणांनी वर्षभर पंधरा टक्के कमी पगार घ्यावा. दोन, चार जणांनी घरी जावं आणि त्यांचं काम समुद्रापलीकडच्या ऑफिसला द्यावं. पहिल्यासाठी बाराही सह्या हव्यात. एक जरी कमी पडली, तर विभागप्रमुखांनी सोमवारी सकाळी दहापर्यंत चार नावं कळवावीत.

विभागप्रमुख थोरली होती. अकरा सह्या झाल्या होत्या, पहिली तिचीच. बारावी मधल्याची, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची, राहिली होती. आणि हे पत्र ज्या हातांनी लिहिलं होतं ते मनुष्यबळ विभागात नोकरी करणाऱ्या धाकटीचे हात होते. ते आता बटाटे सोलत होते, आणि सालं गरजेपेक्षा जाड निघत होती.

आप्पा आपल्या खोलीत दार लावून शब्दकोडं सोडवत होते. त्यांना यातलं काही सांगायचं नाही, असं तिघा भावंडांचं ठरलं होतं. आप्पांचं रक्तदाब मोजायचं यंत्र मागच्या वर्षी बिघडलं, तेव्हापासून सगळे अंदाजाने काळजी घेत होते.

मधला सही करत नव्हता त्याचं कारण त्या घरातल्या कुणालाही समजावून सांगावं लागलं नसतं. कागदात एक तरी चूक सापडल्याशिवाय त्यावर सही करायची नाही, हा आप्पांचा नियम होता. अडतीस वर्षं आप्पा त्याच तपासणी विभागात लाल पेन्सिल घेऊन बसले. चूक नसलेला कागद जगात नसतो, असं त्यांचं म्हणणं. सापडली नाही, याचा अर्थ आपण वाचला नाही. हा नियम त्यांनी ऑफिसातून घरी आणला आणि घरभाड्याच्या करारापासून पोरांच्या प्रगतिपुस्तकापर्यंत सगळ्याला लावला. मधल्याच्या लग्नाची नोंदणी होती त्या दिवशी साक्षीदार म्हणून सही करायला आप्पांनी एक तास दहा मिनिटं घेतली. नोंदणी अधिकारी दोनदा पाणी पिऊन आला. शेवटी वधूच्या घराचा नंबर चुकलेला सापडला, आप्पांचा चेहरा उजळला, आणि वहिनी या घरात आली.

धाकटीने त्यावर लहानपणीच उपाय शोधला होता. घरच्या कुणाची सही लागणार असेल तर त्या कागदात ती एक छोटीशी चूक ठेवायची, पाहुण्यांसाठी पाटावर उशी ठेवावी तशी. तारीख उलटी, नाहीतर पिनकोडात एक आकडा कमी. सगळ्यांचं समाधान व्हायचं.

या पत्रात तिने चूक ठेवली नव्हती.

"एक तारीख तरी चुकवायचीस," मधला म्हणाला. "त्रेचाळीस वेळा वाचलं मी."

"साहेब मागे उभे होते, दादा. तीनदा तपासून घेतलं त्यांनी."

"साहेबांना काय कळतंय?"

"त्यांना नाही कळत. मला कळतं," धाकटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात अपराध आणि अभिमान यांचं प्रमाण नेमकं काय आहे ते तिलाही सांगता आलं नसतं.

वहिनी हे सगळं ऐकत गाजरं किसत होती. ती दातांची डॉक्टर. दिवसभर तिच्यासमोर माणसं तोंड उघडून बसायची आणि एक शब्द बोलू शकायची नाहीत. या घरात नेमकं उलटं होतं. सतरा वर्षांत तिने या कुटुंबाविषयी बरंच काही शिकून घेतलं होतं. आप्पांचं घर चौथ्या मजल्यावर आहे, पण इमारतीतली लिफ्ट दुसऱ्या कंपनीची आहे म्हणून ही माणसं तीन पिढ्या जिन्याने चढतात. ही माणसं रस्त्यात थांबून दुकानांच्या पाट्या दुरुस्त करतात. आणि यांना काही दुखत असेल, तर ती जागा सोडून भलतीच दाखवतात.

"माझ्याकडे लोक येतात," ती किसणी बाजूला ठेवून म्हणाली, "आणि ही दाढ दुखते म्हणून वरची दाखवतात. किडलेली असते खालची." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तू खालची दाखव."

मधल्याने सांगितलं, आणि सांगताना पत्राकडेच बघत राहिला. आज पंधरा टक्के दिले तर पुढच्या वर्षी काम पलीकडे जाणार नाही, असं कुठे लिहिलंय? कुठेच नाही. आज आपण कमी पगारात राजी होणार, कंपनीला कळणार की ही माणसं राजी होतात, आणि वर्षाने सगळा विभागच उचलून समुद्रापलीकडे. त्याला नोकरी जाण्याची भीती नव्हती, असं तो म्हणाला. हे अर्थातच खोटं होतं, पण कुणी लाल खूण केली नाही. स्वतःच्या हाताने सही करून फसण्याची भीती होती, हे मात्र खरं होतं.

थोरलीने शांतपणे ऐकून घेतलं. ती नेहमीच शांत असायची. विभागात तिला पाठीमागे 'खाली येणारी लिफ्ट' म्हणत, कारण कितीही गडबड असो, ती सावकाश, न धडकता पोचायची.

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "तू सही नाही केलीस तर उद्या चौघं जातील. पुढच्या वर्षी नाही, उद्या. कोण ते सांगू? कोपऱ्यातला तो, ज्याला ऐकू कमी येतं. त्याला दुसरीकडे कोण घेणार? पण रेषा अर्धा मिलिमीटर हलली तर त्याला तीन टेबलं लांबून दिसते. ती नवी मुलगी, नोकरी लागून पाच महिने झालेत, तिने पहिल्या पगारात आईला चष्मा केला आणि मला दाखवायला घेऊन आली. आईला घेऊन आली, चष्मा दाखवायला."

"मग यादी केलीस का?" मधल्याने विचारलं.

"करेन."

धाकटीला बोलायचं नव्हतं. खरं तर सकाळपासून ती मनातल्या मनात मधल्याच्या बाजूने होती. त्याने सही केली नाही तर तिच्या पत्राचा पराभव होईल आणि तिला शिक्षा झाल्यासारखं वाटून बरं वाटेल, असा काहीतरी तिचा हिशेब होता. पण मघाशी थोरलीचा चष्मा आणायला म्हणून तिने थोरलीच्या पिशवीत हात घातला होता, आणि हाताला चष्म्याच्या आधी घडी केलेला कागद लागला होता. या घरात कागद हाताला लागला की वाचला जातोच.

"तिने यादी केलीये," धाकटी म्हणाली. "नऊ दिवस पिशवीत घेऊन फिरतेय. वर एक ते चार आकडे घातलेत. एकच्या पुढे तिचं स्वतःचं नाव आहे. दोन, तीन, चार रिकामे."

थोरलीने बटाटा उचलला. तो सोललेला होता. तिने तो पुन्हा सोलायला घेतला.

मधल्याने पेन काढलं. टोपण काढून पेनाच्या मागे लावलं, पत्राचं दुसरं पान पुढे ओढलं आणि बाराव्या ओळीवर पेन टेकवलं. नऊ दिवस ज्या क्षणासाठी अकरा माणसं देव पाण्यात ठेवून बसली होती तो क्षण आला होता. आणि तेवढ्यात थोरलीने आपला ओला हात त्या ओळीवर पालथा ठेवला.

"माझ्यासाठी करतोयस," ती म्हणाली.

"मग कुणासाठी करू?"

"माझ्यासाठी असेल तर नको. चूक सापडली का तुला?"

"ताई, वेड लागलंय का? सही हवीय ना तुला?"

"हवीय. पण न वाचता केलेली नकोय. मी अकरा जणांच्या सह्या घेतल्या, प्रत्येकाला शेजारी बसवून वाचून दाखवलं. तुझीच कशी सोडू? पुन्हा वाच. मोठ्याने."

वहिनीला त्या क्षणी आपल्या नणंदेचे पाय धरावेसे वाटले आणि तिला खुर्चीला बांधून ठेवावंसंही वाटलं. या घरात या दोन्ही इच्छा बरोबरच यायच्या, हे ती आता शिकली होती.

मधल्याने चव्वेचाळिसाव्या वेळी पत्र वाचायला घेतलं. पहिल्यांदाच मोठ्याने. पहिला परिच्छेद गेला, बुटक्या इमारती गेल्या. दुसरा परिच्छेद सुरू झाला : 'प्रायोगिक तत्त्वावर गेल्या तीन महिन्यांत चाळीस ड्रॉइंगांच्या तपासणीचे काम समुद्रापलीकडील कार्यालयाकडे देण्यात आले. त्या कार्यालयाने तपासलेल्या चाळीसही ड्रॉइंगांत पुढे एकही चूक आढळली नाही.'

तो थांबला.

"हे बरोबर आहे," धाकटी घाईने म्हणाली. "कारखान्यातून लेखी आलंय. चाळीसच्या चाळीस. मी स्वतः मोजले."

"बरोबर आहे, म्हणूनच," मधला म्हणाला. "ताई, तुझी सलग किती?"

"बिनचूक? सतरा. तेव्हा मी तीन दिवस कुणाशी बोलले नव्हते."

"माझी नऊ. ऐकू कमी येतं त्याची एकवीस. नव्या ऑफिसची, तीन महिन्यांत, चाळीस." त्याने पत्र खाली ठेवलं. "सलग चाळीस करणारा एकच माणूस मला माहीत आहे."

सगळ्यांनी एकदमच आप्पांच्या बंद दाराकडे पाहिलं. शब्दकोड्याच्या मानाने आतून फार मोठ्या कागदाचा आवाज येत होता.

"अगं बाई," वहिनी म्हणाली. "गुंडाळी."

तिला सगळ्यांनी विचारलं की कसली गुंडाळी. मग तिला कबुली द्यावी लागली. त्या घरात लिफ्टने येणारी ती एकटीच, आणि गेल्या तीन महिन्यांत लिफ्टमध्ये तिला आप्पा चार वेळा भेटले होते. सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडलेले आप्पा, काखेत कागदाची ही एवढी लांब गुंडाळी. दुसऱ्या कंपनीच्या लिफ्टमध्ये. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं आणि आप्पा एवढंच म्हणाले होते की, सूनबाई, हे घरी बोलू नकोस.

"मला वाटलं, गुपित लिफ्टचं आहे," वहिनी म्हणाली.

दार उघडलं तेव्हा आप्पा पलंगावर गुडघे टेकून बसले होते आणि पलंगावर एक संपूर्ण लिफ्ट पसरली होती. अठरा मजली. त्यांनी तिच्यावर चादर ओढायचा प्रयत्न केला, पण चादर बाराव्या मजल्यापर्यंतच पोचली.

"डोळ्यांना त्रास होत नाही मला," ते आधीच म्हणाले. त्यांना वाटलं, पोरं डोळ्यांवरून ओरडायला आली आहेत.

मग त्यांनी सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. फक्त अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डोळे ताणतो म्हणून घरात बोलणी बसली असती. पलीकडच्या ऑफिसात एक मुलगी आहे. तिला जुन्या ड्रॉइंगांच्या कोपऱ्यात, 'तपासले' असं लिहिलेल्या चौकटीत, अडतीस वर्षं एकच सही दिसली. या माणसाला विचारायला हवं, असं तिला वाटलं. तिने निवृत्तांच्या संघटनेला पत्र लिहून आप्पांचा नंबर मिळवला आणि विचारलं की, अमुक ड्रॉइंगात लिफ्टखालचा खड्डा दुप्पट खोल का आहे? आप्पा पन्नास मिनिटं बोलले. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच येत होती, पण खड्ड्याची खोली आकड्यांत असते. दुसऱ्या दिवशी तिने एक ड्रॉइंग पाठवलं. आप्पांनी खालच्या दुकानात जाऊन ते मोठं छापून घेतलं आणि लाल पेन्सिल काढली. चौदा वर्षांनी.

"पहिल्याच ड्रॉइंगात तळमजल्याला दार नव्हतं," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा नोंदणी कार्यालयातल्या त्या दिवसासारखा उजळला. "मोटर बरोबर, दोर बरोबर, वजन बरोबर. चढायची-उतरायची उत्तम सोय. फक्त आत शिरायची सोय नाही. हे तिला दिसलं नव्हतं. कुणालाच दिसत नाही. कागदावर जे आहे ते कुणीही तपासतं रे. जे नाही ते तपासायला शिकावं लागतं."

"पैसे किती देतात?" मधल्याने विचारलं.

"पैसे कसले? मीच सांगितलं, पैसे नको, ड्रॉइंगं पाठवा."

वहिनीने हळूच चादर सरळ केली, ती सरळच होती. थोरली पलंगाच्या कडेला बसली, सहाव्या मजल्याच्या शेजारी.

"आप्पा," ती म्हणाली, "तुम्ही फुकट तपासलेल्या त्या चाळीस ड्रॉइंगांवर आमची चार माणसं जातायत."

तिने रागाने म्हटलं नाही. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग मधल्याकडे, मग धाकटीकडे, आणि हात पुढे केला. धाकटीने पत्र दिलं.

आप्पांनी पत्र वाचायला अकरा मिनिटं घेतली. धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. या खोलीत, याच जागी उभं राहून तिने दहा वर्षांची प्रगतिपुस्तकं दाखवली होती. थोरली आणि मधला विभागात गेले, आप्पांच्या जागेच्या आसपास बसले. ती मनुष्यबळात गेली, आणि आप्पा पाहुण्यांना सांगायचे की धाकटी पण कंपनीतच आहे, वरच्या मजल्यावर कुठेतरी. आता ती त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. डोळे ओळीच्या टोकाला जायचे, परत यायचे. पहिल्या पानावर पेन्सिल एकदाही टेकली नाही.

"कुणी लिहिलंय?" आप्पांनी विचारलं.

"मी."

"सुंदर लिहिलंयस," आप्पा म्हणाले. "वाईट आहे. पण सुंदर लिहिलंयस."

धाकटीला रडू आलं. नेमक्या कुठल्या वाक्याला ते तिने तपासलं नाही.

मग आप्पांनी चाळीस ड्रॉइंगांच्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि ही चूक आहे असं जाहीर केलं. मधला उठून उभा राहिला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्याचे खांदे खाली आले. चाळीस ड्रॉइंगं पलीकडच्या ऑफिसने तपासलीच नाहीत, तो म्हणाला, ती याच पलंगावर तपासली गेली. प्रयोगच खोटा. उद्या दहाच्या आत हे साहेबांच्या टेबलावर ठेवायचं, आणि पलीकडचं प्रकरण कायमचं मिटलं.

"चाळीस नाही," आप्पा म्हणाले. "एकोणतीस."

"काय एकोणतीस?"

"पहिली एकोणतीस मी पकडली. शेवटच्या अकरांत तिने स्वतः शोधलं सगळं, मी नुसता बघत होतो. म्हणून कोपऱ्याच्या चौकटीत एकोणतिसांवर तिच्या सहीशेजारी माझी सही आहे. तिनेच खालच्या दुकानातून करून पाठवायला लावली, म्हणाली ज्याने तपासलं त्याची हवी. अकरांवर तिची एकटीची. बघा जाऊन. कंपनीत कोपरा बघत नाहीत का आता?"

कंपनीत आता कोपरा बघत नव्हते. थोरलीने डोळे मिटून घेतले. चाळीस ड्रॉइंगं मोठ्या साहेबांच्या कार्यालयातून परस्पर कारखान्यात गेली होती. वाटेतल्या सात अधिकाऱ्यांपैकी एकालाही सही कुणाची आहे हे पाहावंसं वाटलं नव्हतं.

मधल्याने आप्पांना समजावून पाहिलं. अकरा ड्रॉइंगांचा विषय काढलाच नाही तर काय बिघडतं? एकोणतीस म्हटलं, की साहेब म्हणणार, ठीक आहे, अकरा तर बरोबर आलीत ना, चालू दे प्रयोग. चाळीस म्हटलं तर दार कायमचं बंद.

"बंद होईल," आप्पा म्हणाले. "आणि चूक होईल. तीही नोकरीच करते रे. तिला शिकायला तीन महिने लागले. तुला किती लागले होते?"

मधल्याला चार वर्षं लागली होती. ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी पुन्हा विचारलंही नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

"आप्पांचं बरोबर आहे," थोरली म्हणाली. "एकोणतीस लिहायचं. आणि अकराही लिहायचं, तिच्या नावाने. एक वर्ष हवंय आपल्याला, दादागिरी नकोय. एकोणतीस ड्रॉइंगं बाद झाली की प्रयोग पहिल्यापासून करावा लागेल, नीट, आपल्या देखत. तिला शिकवायचं तर आपण शिकवू, विभागात बसून, पलंगावर नाही. आप्पा, तुम्ही पण. आणि फुकट नाही."

"आणि पगार?" वहिनीने विचारलं. तिला या घरातली मूळ गोष्ट वाहून जाण्याची सवय माहीत होती.

थोरलीने पत्र हातात घेतलं. ऑर्डरींच्या परिच्छेदावर बोट ठेवून ती म्हणाली की हे खरं आहे. मागच्या वर्षी तिच्या टेबलावर आठवड्याला साठ ड्रॉइंगं यायची, आता पस्तीस येतात. दुपारी तीननंतर ऐकू कमी येणारा माणूस खिडकीतून समोरच्या इमारतीच्या रेषा तपासत बसतो. पंधरा टक्क्यांचा आकडा ती खोडणार नव्हती. तो तिला आवडला नव्हता, पण तो चुकलेला नव्हता. आठ जणांनी पूर्ण पगार घ्यायचा आणि चौघांनी काहीच नाही, यापेक्षा बारा जणांनी थोडं थोडं कमी खावं. ही गोष्ट तिने अकरा जणांना शेजारी बसवून सांगितली होती, आणि अकरा जणांनी, काहींनी डोळे पुसत, काहींनी शिव्या देत, मान्य केली होती.

"म्हणजे शेवटी सही करायचीच," मधला म्हणाला.

"आता करता येईल," थोरली म्हणाली. "चूक सापडली ना."

मधला हसला. आधी नाकातून, मग सगळाच. पेन पुन्हा बाहेर आलं, पण आता धाकटीने ते काढून घेतलं. आज नाही, ती म्हणाली. दुरुस्ती आधी साहेबांना दाखवायची, त्यांची सही दुरुस्तीवर आली की मगच दादाची. नाहीतर उद्या ते म्हणतील, हे नंतर घुसवलं. सकाळी आठला ती स्वतः साहेबांच्या दाराशी उभी राहणार होती.

वहिनीने विचारलं की साहेबांनी तुझ्यावरच सगळं ढकललं तर. पत्र तुझं आहे.

"ढकलू देत," धाकटी म्हणाली. "पत्र माझं आहे, म्हणजे त्यातली चूकही माझीच. दुसऱ्या कुणाला दुरुस्त करू देणार नाही मी."

आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं ते फक्त अवघड ड्रॉइंगांकडे बघत.

जेवायला तीन वाजले, कारण बटाटे दोनदा सोलल्यामुळे पुरेनात. जेवताना मधल्याने आप्पांना लिफ्टवरून छेडलं. तीन पिढ्या गुडघे झिजवले आम्ही, आणि तुम्ही शत्रूच्या लिफ्टमध्ये. आप्पा म्हणाले की गुंडाळी जिन्याच्या वळणावर दुमडते, आणि ड्रॉइंगाला घडी पडलेली चालत नाही. तत्त्व आणि ड्रॉइंग यांत निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी निवड केली. शिवाय त्या लिफ्टचं दार अर्धा सेकंद उशिरा बंद होतं, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं होतं.

सोमवारी काय झालं ते आपल्याला माहीत नाही, असं सुरुवातीलाच ठरलेलं आहे. पण रविवारी संध्याकाळी, सगळे निघताना, आप्पांनी धाकटीच्या हातात एक बंद पाकीट दिलं. ऑफिसात जमा कर, म्हणाले, आणि पोच घे. जिन्याच्या पहिल्याच वळणावर धाकटी, मधला आणि थोरली थांबले. वहिनी लिफ्टने खाली पोचून त्यांची वाट बघत होती. कागद हाताला लागला होता, त्यामुळे तो वाचला गेला :

*प्रति,*
*मा. मनुष्यबळ अधिकारी.*

*विषय : पगारकपातीत समाविष्ट करून घेण्याबाबत.*

*महोदय,*

*मी आपल्या ड्रॉइंग तपासणी विभागात अडतीस वर्षे सेवा करून चौदा वर्षांपूर्वी निवृत्त झालो असून सध्या माझा मासिक पगार शून्य आहे. गेले तीन महिने माझ्या हातून, अनवधानाने आणि आनंदाने, विभागाचे काम विनामूल्य बाहेर गेले. त्यामुळे माझ्या सहकाऱ्यांवर ही वेळ आली.*

*तरी सदर विभागाच्या यादीत माझे नाव तेराव्या क्रमांकावर धरण्यात यावे आणि इतर बारा जणांप्रमाणेच माझ्याही पगारातून दरमहा पंधरा टक्के रक्कम नियमितपणे कापण्यात यावी. वर्ष पूर्ण झाल्यावर माझा पगार पूर्ववत करावा, ही नम्र विनंती.*

*या अर्जात एक चूक ठेवलेली आहे. ती सापडल्याशिवाय कृपया मंजुरीची सही करू नये.*

*आपला विश्वासू,*
*तपासनीस (निवृत्त)*